गणपतीला कोकणात जाताना: बंद घर, पावसाळा आणि डास

शिमग्यानंतर कुलूप लागलेले घर गणपतीच्या दोन दिवस आधी उघडायचे, झाडलोट करायची, गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची माटवी बांधायची आणि दीड, पाच, सात किंवा अकरा दिवस वीस-पंचवीस माणसांनी त्यात राहायचे, हा मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांचा दरवर्षीचा क्रम. नेमक्या याच दिवसांत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, डेंग्यू, चिकुनगुनिया आणि हिवताप कोकणात आणि मुंबईत दोन्हीकडे जोरात असतात. पाऊस थांबून थांबून पडतो, ऊन येते, प्रत्येक करवंटीत पाणी साचते. त्यात गावोगावच्या माणसांची ये-जा. डेंग्यूचा डास स्वतः शे-दोनशे मीटरपलीकडे क्वचितच जातो. आजार लांब पोचतो तो माणसांच्या रक्तातून, रेल्वेने आणि एसटीने.

म्हणून या लेखाचा सगळा भर घर, अंगण आणि अंथरूण या तीन जागांवर आहे. फवारणीची गाडी आली की नाही याने जेवढा फरक पडत नाही, तेवढा या तीन जागांनी पडतो. पावसाळ्यात गोव्यात किंवा सिंधुदुर्गात होमस्टेला जाणाऱ्यांनाही यातले बहुतेक सगळे लागू आहे. फक्त घर आपले नसल्यामुळे तिथे पाहणी करायची आणि मालकाला सांगायचे, एवढा बदल.

आधी शत्रू ओळखा

डास म्हणजे एकच प्राणी समजला की उपाय चुकतात. रात्री कानाशी गुणगुणून झोप मोडतो तो बहुधा क्युलेक्स. तो गटार, शोषखड्डा आणि संडासाच्या टाकीतल्या घाण पाण्यात वाढतो. हत्तीरोग पसरवणारा हाच, पण त्या आजारासाठी महिनोन् महिने चावे बसावे लागतात. पाच दिवसांच्या मुक्कामात त्याची भीती फार नको. क्युलेक्सचीच भातखाचरात वाढणारी एक जात जपानी मेंदूज्वर पसरवते. डुकरे आणि बगळे यांच्यात तो विषाणू फिरत असतो. त्यामुळे घराला लागून भातशेती आणि जवळ डुकरांचा वाडा असेल, तर तिन्हीसांजेनंतर जास्त जपा. या आजाराची लस आहे. ती साधारणपणे खेड्यात महिनाभर किंवा जास्त राहणाऱ्यांसाठी सुचवली जाते.

हिवतापाचा ॲनोफिलीस रात्री चावतो, फारसा आवाज करत नाही. त्याला त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी लागते: विहीर, छपरावरची टाकी, बांधकामावर साठवलेले पाणी, डोंगरातला संथ झरा.

डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा एडिस मात्र दिवसा चावतो, त्यातही सकाळी उजाडल्यावरचे दोन-तीन तास आणि मावळतीच्या आधीचे दोन-तीन तास. पायांवर पांढरे पट्टे असतात. तो घोटा, पोटरी, कोपर असा खालून आणि मागून येतो. घरातला एडिस खाटेखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत बसून राहतो. त्याची दुसरी जात बागेत असते: झाडाच्या ढोलीत, बांबूच्या कापलेल्या पेरात, अननसाच्या पानांच्या बेचक्यात, पोफळीच्या गळून पडलेल्या झावळीच्या रुंद देठात साचलेल्या वाटीभर पाण्यात. कोकणात या दोन्ही जाती सापडतात, म्हणून नुसते घर साफ करून भागत नाही.

एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती अंडी पाणी आटले तरी कित्येक महिने तग धरतात. मार्चमध्ये न्हाणीत तशीच राहिलेली बादली उन्हाळ्यात कोरडी पडते, जूनमध्ये पागोळीचे पाणी तिच्यात पडते आणि जुनी अंडी फुटतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे म्हणजे अर्धेच काम. काथ्याने किंवा ताराच्या घासणीने आतली बाजू खरवडून धुतली तरच अंडी जातात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला पावसाळ्यातल्या हवेत साधारण ८ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य खाते सांगते ते याच हिशोबाने.

निघण्याच्या दहा दिवस आधी

घराची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या शेजाऱ्यांना किंवा भावकीतल्या काका-काकूंना फोन करून एक फेरी मारायला सांगा. हा फोन गावी पोचण्याच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही. तेव्हा पाणी उपसले तर अळ्या मरतील, पण आधीच पंख फुटलेले डास दोन ते चार आठवडे जगतात. दहा दिवस आधी पाणी गेले तर निदान नवी भर पडणे थांबते. सांगताना ‘जरा साफसफाई करा’ असे मोघम न सांगता जागा सांगा: मागीलदारची दगडी डोण, न्हाणीतले हंडे-बादल्या, मांगरात पडलेले टायर, गुरांची पाण्याची कुंडी, पत्र्यावर टाकलेली ताडपत्री, पन्हळीत अडकलेला पालापाचोळा, संडासाचे भांडे आणि त्यावरची फ्लशची टाकी.

संडास विशेष महत्त्वाचा, कारण सगळ्यांना त्याचाच विसर पडतो. बंद घरातल्या भांड्यातले पाणी कुणी हलवत नाही आणि वरून उघडे असते. डासाला याहून सोयीची जागा नाही. मैलाटाकीचा हवा जाणारा उभा पाइपही पाहायला सांगा. त्याच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी किंवा जुन्या साडीचा दुहेरी तुकडा सुतळीने आवळून बांधला, की क्युलेक्सची मोठी पैदास एका दुपारच्या कामात थांबते.

घरी कुणाला ताप असेल तर निघण्याआधी हिवतापाची रक्ततपासणी करून घ्या. मुंबईत हिवताप कायम आहे. बांधकामांवरच्या पाण्यात आणि गच्चीवरच्या टाक्यांत तिथला ॲनोफिलीस वाढतो. अंगात जंतू घेऊन आलेला एक माणूस गावातल्या डासांना जंतू पुरवतो आणि त्यातून वाडीत आजार लागतो. ताप असलेल्या माणसाने प्रवास पुढे ढकलला तर शेजारपाजारच्या म्हाताऱ्या माणसांवर ते मोठे उपकार होतील.

काय बरोबर घ्यायचे

सगळ्यात आधी मच्छरदाणी, आणि ती सगळ्यांना पुरेल एवढी. कौलारू घरात भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा असते. भिंतीतल्या प्लगला लावायचे द्रवाचे यंत्र १० बाय १२ च्या बंद खोलीत काम करते. माजघरात त्याचे औषध वरच्या फटीतून निघून जाते. वर पावसात वीज गेली की पंखाही बंद आणि यंत्रही बंद. मच्छरदाणीला वीज लागत नाही.

घेताना जाळीच्या भोकांची बारकाई पाहा. एका चौरस इंचात साधारण १५६ भोके असलेली जाळी हे रूढ प्रमाण आहे. त्याहून विरळ जाळीतून लहान डास शिरतात. शक्य असेल तर औषध भिनवलेली, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी कीटकनाशक मच्छरदाणी घ्या. तिला टेकलेला डास मरतो आणि ती साधारण २० धुण्यांपर्यंत काम करते. नवी पिशवीतून काढल्यावर एक दिवस सावलीत वाळत ठेवा, उन्हात घालू नका. तिला साध्या साबणाने थंड पाण्यात धुवावे, गरम पाणी आणि ब्लीच टाळावे. धुवण ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी ओतू नका, त्या औषधाने मासे मरतात.

अंगाला लावायच्या औषधात डब्यावरच्या नावापेक्षा मागे छापलेला घटक वाचा. डीईईटी २० ते ३० टक्के असेल तर साधारण ४ ते ६ तास, पिकारिडिन २० टक्के असेल तर ८ तासांच्या आसपास संरक्षण मिळते. आपल्याकडे सगळीकडे मिळणाऱ्या मलमांत बहुधा १२ टक्के एन, एन-डायइथाइल बेंझामाइड असते. तेही चालते, मात्र पुन्हा पुन्हा लावावे लागते. डब्यावर लिहिलेले तास हे घाम न येणाऱ्या, न भिजलेल्या कातडीचे असतात. कोकणातल्या श्रावण-भाद्रपदात त्याच्या निम्मे धरा. सिट्रोनेलाच्या तेलाचा असर तासाभरात ओसरतो, त्यावर भरवसा ठेवू नका. पाच दिवसांसाठी चार माणसांना एक छोटी ट्यूब पुरत नाही, मोठ्या दोन घ्या. गावातल्या दुकानात चतुर्थीच्या आठवड्यात हमखास संपलेल्या असतात.

कपडे फिक्या रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे. पायमोजे दोन जोड जास्त घ्या, कारण एडिसचा पहिला चावा घोट्याला असतो. औषधांच्या पिशवीत थर्मामीटर, पॅरासिटामॉल आणि ओआरएसची पाकिटे एवढे पुरे. हिवताप प्रतिबंधक गोळ्या सरसकट कुणी स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. हिवतापाचा जोर असलेल्या भागात जायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घर उघडताना

ही पायरी बहुतेक घरांत उलटी होते. कुलूप काढले की सगळे आत, मुले खाटेवर, बॅगा भिंतीला, आणि मग संध्याकाळी ‘काय डास आहेत’ म्हणून कॉइल लावायची. बंद, दमट, काळोख्या खोलीत डास आधीच दबा धरून बसलेले असतात. म्हणून क्रम असा ठेवा.

१. पूर्ण कपडे घातलेल्या एकाच मोठ्या माणसाने आत जावे. बाकीच्यांनी तोवर खळ्यात किंवा शेजारी थांबावे.

२. खिडक्या बंदच ठेवून खाटेखाली, कपाटामागे, देवांच्या तसबिरींच्या मागे, खुंटीवरच्या जुन्या कपड्यांत, वळकटीत घातलेल्या गाद्यांत आणि माळ्याच्या तोंडाशी डासांचा डब्यातला फवारा मारावा. त्याआधी पाण्याची आणि खाण्याची भांडी झाकावीत. चूल, समई, गॅस काही पेटलेले नको.

३. बाहेर येऊन दार लावावे आणि १५ ते २० मिनिटे थांबावे.

४. मग दारे-खिडक्या सताड उघडून किमान अर्धा तास हवा खेळू द्यावी, झाडून काढावे आणि त्यानंतरच मुलांना आत घ्यावे. दमा असलेल्यांना आणि बाळाला आणखी तासभर बाहेर ठेवले तर उत्तम.

कौलारू घरात फवारा वरून निघून जातो हे खरे, पण फटी-कोपऱ्यांत थेट मारलेला फवारा बसलेल्या डासाला लागतो. तेवढ्यासाठीच तो मारायचा. रोज संध्याकाळी खोली भरून मारण्याची गरज नाही.

पहिल्या दुपारी अंगणाची फेरी

जेवण होण्याआधी दोघांनी घराभोवती एक फेरी मारावी, एकाने पाहावे आणि एकाने उपडे करावे. घरापासून ५० मीटरपर्यंत गेलात तरी पुष्कळ. शहाळ्यांच्या कवट्या, करवंट्या, उंदराने पोखरलेले नारळ, प्लास्टिकचे पेले, रंगाचे डबे, कुंड्यांखालच्या थाळ्या, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, पाण्याच्या मीटरचा खड्डा. गळून पडलेल्या पोफळीच्या झावळ्या गोळा करून उताण्या पडणार नाहीत अशा पालथ्या रचाव्यात. दोडामार्ग भागात रबराच्या बागा आहेत. झाडांना बांधलेल्या चिकाच्या वाट्या पावसाळ्यात काम नसताना पालथ्या घातलेल्या असल्या पाहिजेत. शेजारची बाग असेल तर तसे सांगा.

पाण्यात अळ्या आहेत का हे पाहायला टॉर्च पुरतो. भांड्यावर सावली पाडली की त्या वळवळत खाली जातात आणि मिनिटभरात श्वासाला वर येतात. पृष्ठभागाला समांतर आडव्या राहतात त्या ॲनोफिलीसच्या, डोके खाली करून तिरप्या लोंबतात त्या एडिस किंवा क्युलेक्सच्या. विहिरीत पहिल्या प्रकारच्या दिसल्या तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

जे पाणी ओतता येत नाही त्याचे काय? पिण्याचे आणि वापराचे पिंप घट्ट झाकणाने बंद करा. झाकण नसेल तर सुती कापड तोंडाला ताणून बांधा. सैल बांधले तर मध्ये झोळ पडतो, त्यात पावसाचे पाणी साचते आणि कापडावरच अळ्या होतात. विहीर, मोठा हौद, गुरांची कायमची कुंडी यांत गप्पी मासे सोडतात. अनेक आरोग्य केंद्रांच्या हौदांत ते पाळलेले असतात आणि मागितले की मिळतात. एक विनंती: गप्पी हा मूळचा परदेशी मासा आहे, तो ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात सोडू नका. आपल्या वाहत्या पाण्यात अळ्या खाणारे स्थानिक मासे आहेतच, त्यांच्या मुळावर तो येतो. अळ्या मारणारे टेमिफॉस हे औषध आरोग्य कर्मचाऱ्याकडूनच टाकून घ्यावे, कारण त्याचे प्रमाण दहा लाख भाग पाण्याला एक भाग इतके अल्प असते. गटारात जळके ऑइल ओतायची जुनी सवय आहे. विहीर किंवा शेत जवळ असेल तर ती सोडा.

देवासमोरची आरासही तपासा. सजावटीत कारंजे किंवा धबधबा केला असेल तर पंप चालू असेपर्यंत धोका कमी. रात्री बंद करून तेच पाणी आठ-दहा दिवस ठेवले तर मात्र तो हौदच झाला. फुलदाण्या, मनी प्लांटच्या बाटल्या, दूर्वा ताज्या ठेवायचे भांडे यांतले पाणी दोन दिवसांनी बदला आणि भांडे आतून घासा. महाप्रसादाच्या दिवशी मागीलदारी पडणारे द्रोण आणि पेले त्याच संध्याकाळी एका पोत्यात भरून तोंड बांधा. पावसाची एक सर आली की त्यातला प्रत्येक पेला भरतो.

दिवसाचा क्रम

सकाळी सातच्या सुमारास फुले-पत्री काढायला बागेत जाणारे आणि विहिरीवर जाणारे एडिसच्या नेमक्या वेळेत जातात. बाहेर पडण्याआधी घोटे, पोटऱ्या, हात, मान आणि कानांमागे औषध लावा. ठिपके ठिपके लावून चालत नाही, डास मधली मोकळी जागा शोधतो. उन्हाचे मलम लावणार असाल तर ते आधी, १५-२० मिनिटांनी डासांचे. कपड्याखालच्या कातडीवर लावायची गरज नाही. डीईईटीने घड्याळाची काच, चष्म्याची प्लास्टिकची दांडी आणि काही कृत्रिम कापडे खराब होतात, एवढे लक्षात ठेवा.

मुलांना लावताना आधी आपल्या तळहातावर घ्या, मग त्यांच्या अंगाला. त्यांच्या हाताच्या पंजांना आणि डोळ्या-तोंडाजवळ नको, कारण हात तोंडात जातात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठलेच मलम नको, फक्त जाळी. लिंबाच्या वासाच्या निलगिरीचे तेल असलेले औषध ३ वर्षांच्या आतल्या मुलांना वापरत नाहीत.

दुपारच्या झोपेकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. मोदकांचे जेवण झाले की अर्धे घर पडवीत किंवा माजघरात चटईवर आडवे होते, अंगावर बनियन आणि पाय उघडे. मच्छरदाणी ‘रात्रीची’ म्हणून घडी घालून ठेवलेली असते. डेंग्यूचा डास दिवसा घरातच बसलेला असतो. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बायका यांनी दुपारीही जाळीतच झोपावे. बाकीच्यांनी निदान पंखा थेट अंगावर घ्यावा. डास दुबळा उडतो, पंख्याच्या झोतात त्याला नीट टेकता येत नाही.

संध्याकाळी वाडीतल्या घरोघरच्या आरत्या, मग भजन, फुगड्या, परतायला मध्यरात्र. एडिसची वेळ संपते तोवर क्युलेक्स आणि ॲनोफिलीसची सुरू होते. अर्धी चड्डी किंवा गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगी घालून चार तास खळ्यात बसणारे सगळ्यात जास्त चावे खातात. लेंगा किंवा पूर्ण पँट घाला, पहिल्या आरतीला निघताना औषध लावा, जेवणानंतर पुन्हा लावा. घाम पुसला की औषधही पुसले जाते.

धूप, कापूर, कडुनिंबाचा पाला यांच्या धुराने थोडा वेळ डास बाजूला होतात, पण चावे थांबत नाहीत. कॉइलचा धूर बंद खोलीत रात्रभर घेणे फुप्फुसांना वाईट. लावलीच तर पडवीत, वाऱ्याच्या बाजूला लावा. डासांच्या अगरबत्त्या स्वस्त मिळतात. पुड्यावर कीटकनाशकाचे नाव आणि नोंदणी क्रमांक छापलेला नसेल तर घेऊ नका, त्यात काय आणि किती आहे हे कळायला मार्ग नसतो. मोबाइलमधली ‘डास पळवणारी’ आवाजाची ॲप, लसूण खाणे, बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांनी काहीही होत नाही. निळ्या दिव्याचे सापळे डासांपेक्षा पाकोळ्या जास्त मारतात.

जाळी लावण्याची रीत

माणसे रांगेत जमिनीवर झोपत असतील तर दोन-तीन मोठ्या जाळ्या लागतात. दोर एका बाजूला खिडकीच्या गजाला, दुसऱ्या बाजूला वाशाला बांधून घ्या. जाळीची कड चटईखाली नव्हे, गादीखाली खोचा. चटई हलकी असते, रात्री कूस बदलली की कड सुटते. जाळी अंगापासून लांब राहील एवढी ताणलेली हवी, टेकलेल्या कोपराला डास बाहेरून चावतो. अंधार पडण्याआधीच जाळी खाली सोडा, आत टॉर्च फिरवून एखादा अडकला आहे का पाहा आणि मग झोपा. भोक दिसले तर सुईदोरा घेऊन लगेच शिवा. नुसती गाठ मारलीत तरी चालेल.

गरोदर स्त्रिया

महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर इथे सापडला आणि २०२४ मध्ये पुण्यातही रुग्ण आढळले. मोठ्यांना झिका बहुधा सौम्य होतो, पण गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ त्याने खुंटू शकते. गरोदरपणात डीईईटी किंवा पिकारिडिन लेबलप्रमाणे वापरता येते, तेव्हा ‘औषध नको’ म्हणून उघडे राहू नये. झिका झालेल्या पुरुषाकडून तो शरीरसंबंधातूनही जातो, म्हणून अशा पुरुषाने ३ महिने निरोध वापरावा.

कुलूप लावण्याआधी

विसर्जनानंतर निघायची घाई असते, तरी हा अर्धा तास काढा. पुढच्या वर्षीचे डास याच वेळी पेरले जातात. सगळ्या बादल्या, हंडे, पिंपे आतून घासून, पुसून पालथी घाला. छपरावरची टाकी रिकामी करा किंवा झाकण घट्ट लावून ओसंडणाऱ्या नळीला जाळी बांधा. फ्लशची टाकी उपसा. संडासाच्या भांड्यावर जाड प्लास्टिक चिकटपट्टीने बसवा. न्हाणीच्या मोरीत चमचाभर खोबरेल सोडले की पाण्यावर तवंग धरतो आणि अळ्यांना श्वास घेता येत नाही. ताडपत्री पूर्ण घडी करून आत ठेवा.

परतल्यावर ताप आला तर

तापाचा पहिला दिवस कागदावर लिहून ठेवा. पुढचे सगळे त्या तारखेवरून मोजायचे असते. चावल्यापासून डेंग्यू ४ ते १० दिवसांत दिसतो, चिकुनगुनिया साधारण आठवडाभरात, फाल्सिपेरम (हिवतापाचा जास्त धोकादायक प्रकार) किमान ७ आणि बहुधा ९ ते १४ दिवसांनी.

ताप आला त्याच दिवशी हिवतापाची तपासणी करा. ती सरकारी केंद्रात मोफत होते. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर एक-दोन दिवसांत पुन्हा करा. डेंग्यूसाठी पहिल्या ५ दिवसांत एनएस-१ ही रक्ततपासणी, त्यानंतर आयजीएम ही. डॉक्टरांना ‘कोकणात होतो, शेतातल्या चिखलात अनवाणी चाललो’ हे आवर्जून सांगा. त्या भागात पावसाळ्यात लेप्टोही (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) असतो, त्याचा ताप सुरुवातीला तसाच दिसतो पण उपचार वेगळा आहे.

तापाला फक्त पॅरासिटामॉल: प्रौढांना ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान ६ तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नकोत. मुलांना वजनाप्रमाणे, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. यकृताचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन आणि त्यांची मिश्रणे असलेल्या अंगदुखीच्या गोळ्या डेंग्यूची शक्यता मिटेपर्यंत बंद, त्यांनी रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र ती स्वतःहून न थांबवता डॉक्टरांना विचारावे.

पोटात पातळ जात राहिले पाहिजे: पेज, ताक, शहाळ्याचे पाणी, एक लिटर पाण्यात एक पाकीट ओआरएस. प्रमाण पुरेसे आहे की नाही हे लघवीवरून कळते. दर ४ ते ६ तासांनी फिकट लघवी होत असेल तर ठीक. रुग्णाला पहिले पाच-सहा दिवस दिवसासुद्धा जाळीत ठेवा. तेव्हा त्याच्या रक्तात विषाणू असतो आणि घरातला एडिस त्याला चावून इतरांना चावतो.

डेंग्यूत घात होतो तो ताप उतरताना. तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान ताप कमी होतो, घरचे निश्चिंत होतात आणि त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. पोटात सतत दुखणे, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शी, थंड हातपाय, गुंगी किंवा अस्वस्थपणा, सहा तासांत लघवी नाही, यातले एक जरी दिसले तरी रात्र असली तरी १०८ ला फोन करा किंवा थेट इस्पितळ गाठा. ज्यांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे त्यांनी आणखी लवकर, कारण वेगळ्या प्रकारच्या विषाणूने झालेला दुसरा डेंग्यू गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. रोजच्या तपासणीत प्लेटलेटच्या आकड्याबरोबर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, पाहायला हवे. ते चढत असेल तर रक्त घट्ट होत आहे आणि शिरेतून द्रव लागणार आहे. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट १० हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या चढवण्याची सहसा गरज पडत नाही. पपईच्या पानांच्या रसाच्या भरवशावर तपासणी चुकवू नका.

हिवतापाचा व्हायवॅक्स हा प्रकार निघाला तर तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने ताप जातो, पण यकृतात झोपलेले जंतू राहतात. त्यांच्यासाठी १४ दिवस प्रायमाक्विन घ्यावे लागते. ते सुरू करण्याआधी जी-६-पीडी या रक्तातल्या विकराची (एन्झाइमची) तपासणी करून घेणे चांगले, आणि गरोदर स्त्रियांना व तान्ह्या बाळांना ते देत नाहीत. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या, की दिवाळीनंतर किंवा अगदी होळीच्या सुमारास थंडी वाजून पुन्हा ताप येतो. तेव्हा डॉक्टरांना भाद्रपदातल्या गावच्या मुक्कामाची आणि अर्धवट राहिलेल्या गोळ्यांची माहिती स्वतःहून द्या.